इस्राएलाची दुफळी आणि तिचीं धार्मिक फळें

आमच्या देवळाचा वृत्तांत या स्मरणपुस्तिकेंत इतरांनीं सविस्तर लिहिला आहे. त्यांत आम्हीं भर घालावी असें कांहीं उरलेलें नाहीं. तरी संपादकांनीं आमच्याकडूनही दोनचार पानें मागितलीं व त्यांचा शब्द आम्हांस मोडवेना. मागें एका पावसाळ्यांत चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचें शुभवर्तमान वाचून झालें त्या रविवारीं एका वृद्ध गृहस्थांनीं सॅक्रिस्तींत येऊन आम्हांस विचारलें, "फादर, यहुदी आणि शोमरोनी एकाच देवाला भजत होते ना? मग ते एकमेकांच्या भांड्याला कां शिवत नव्हते?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर प्रभूच्या जन्मापूर्वीं नऊशें वर्षांपासून सुरू होतें, आणि मिस्सा संपल्यावर लोकांस घरीं जाण्याची घाई असते. तें उत्तर आम्ही येथें लिहीत आहों.

बारा वंशांचें एक राष्ट्र, असें आपण सहज बोलून जातों. पण तें एकपण जुनें नव्हतें व घट्टही नव्हतें. दावीद प्रथम हेब्रोन येथें केवळ यहूदा वंशाचा राजा झाला. साडेसात वर्षांनंतर उत्तरेकडील वंशांचे वडील त्याच्याकडे आले व करार करून त्यांनीं त्याला आपलाही राजा केलें. म्हणजे एका मुकुटाखालीं दोन घरें नांदत होतीं. दावीद जिवंत असतांच शबा नांवाच्या एका बन्यामिनी पुरुषानें उत्तरेला एकदां फितविलेंही होतें. सांधा कोठें कच्चा आहे हें तेव्हांच दिसून आलें, आणि पुढें जें तुटलें तें त्याच सांध्यावर तुटलें.

शलमोनाच्या ज्ञानाची व वैभवाची कीर्ति आपण लहानपणापासून ऐकतों. त्या वैभवाचा हिशेब मात्र कमी लोक वाचतात. देवालय बांधण्यास सात वर्षें लागलीं व राजाच्या स्वतःच्या वाड्यास तेरा, असें राजांच्या पहिल्या ग्रंथांत लिहिलें आहे. आमचे सेमिनरींतील शास्त्राचे गुरु हे दोन आंकडे फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडीत, आणि कांहीं न बोलतां फळा पुसून टाकीत. लांकडासाठीं ३०,००० माणसें वेठीस धरून दहा-दहा हजारांच्या टोळ्यांनीं आळीपाळीनें लबानोनांत पाठविलीं होतीं. ७०,००० ओझीं वाहत होते, ८०,००० डोंगरांत दगड फोडीत होते. राजाच्या पंक्तीसाठीं बारा प्रांत नेमून दर प्रांतावर वर्षांतून एक महिन्याचा पुरवठा लादला होता. सोराचा राजा हीराम यानें लांकूड व सोनें पुरविलें, तेव्हां गालीलांतील वीस गांवें त्याच्या पदरांत टाकण्यांत आलीं. त्या गांवांतील लोकांस कोणीं विचारलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. योसेफाच्या घराण्यावर म्हणजे एफ्राईम व मनश्शे या वंशांवर जी वेठ होती, तिच्या देखरेखीस नबाटाचा पुत्र यराबाम नांवाचा एक कर्ता पुरुष होता. शिलो येथील संदेष्टा अहीया यानें त्याला वाटेंत गांठून आपल्या नव्या वस्त्राचे बारा तुकडे केले व दहा त्याच्या हातीं दिले. हें शलमोनाच्या कानीं जातांच यराबाम मिसर देशांत पळाला.

इ. स. पूर्वीं ९३०च्या सुमारास शलमोन वारला. त्याचा पुत्र रहबाम याला यरुशलेमांत बसून उत्तरेचा राजा होतां आलें नाहीं. त्याला शखेम येथें जावें लागलें. लोकांची मागणी बंडाची नव्हती. आमचें जूं हलकें करा, आम्ही तुमची सेवा करूं, एवढेंच ते म्हणाले. जुन्या मंत्र्यांनीं मऊ बोलण्याचा सल्ला दिला. राजाबरोबर वाढलेल्या सोबत्यांनीं उलटा दिला. (रहबाम त्या वेळीं ४१ वर्षांचा होता, तेव्हां हे ‘तरुण’ सोबती कांहीं मिसरूड फुटणारीं पोरें नव्हतीं.) राजानें तिसऱ्या दिवशीं सर्वांदेखत सांगितलें कीं, बापाच्या चाबकापेक्षां माझा मार अधिक झोंबेल. लोक पाठ फिरवून आपापल्या डेऱ्यांकडे चालते झाले. मग त्या शहाण्यानें त्यांची समजूत घालण्यास कोणाला पाठवावें? तर वेठीवरचा अधिकारी अदोराम यालाच! लोकांनीं त्याला दगडांनीं ठार केलें आणि राजा रथांत चढून यरुशलेमास पळाला. यहूदा व बन्यामीन तेवढे त्याच्याकडे राहिले.

येथें वाचकांनीं जरा थांबावें. रहबामानें १,८०,००० योद्धे जमवून उत्तरेवर चाल करण्याचें ठरविलें, तेव्हां शमाया नांवाच्या देवाच्या माणसानें त्याला अडविलें. आपल्या भाऊबंदांशीं लढूं नका, ही गोष्ट परमेश्वराकडूनच झाली आहे, असा त्याचा निरोप होता. याचा अर्थ असा कीं, राज्याचे दोन भाग झाले हें पवित्र शास्त्राच्या दृष्टीनें शलमोनाच्या पापाचें प्रायश्चित्त होतें. दोन राजे, दोन राजधान्या आणि एक वेदी, असें राहूं शकलें असतें. तें कां राहिलें नाहीं, हाच आमच्या मतें या इतिहासाचा गाभा आहे.

तें राहिलें नाहीं याला कारण भीति. यराबाम राजा झाला. त्यानें मनाशीं विचार केला कीं, हे लोक वर्षांतून तीन वेळां यरुशलेमास यात्रेला जात राहिले तर त्यांचें मन पुन्हा दावीदाच्या घराण्याकडे वळेल व माझा जीव जाईल. म्हणून त्यानें सोन्याचीं दोन वासरें केलीं; एक दान येथें राज्याच्या उत्तर टोंकाला ठेविलें, दुसरें बेथेल येथें दक्षिण सीमेवर. बेथेल यरुशलेमापासून अवघें दहा-अकरा मैल. एफ्राईमच्या डोंगरांतून देवालयाकडे जाणाऱ्या यात्रेकरूला ती वाट चुकवितां येत नसे. शिवाय हीं ठिकाणें कांहीं ओसाड माळ नव्हतीं. बेथेल येथें याकोबानें स्वर्गाला पोंचणारी शिडी पाहिली होती. दान येथील याजक मोशेच्या वंशांतले होते, असें शास्त्यांच्या ग्रंथावरून दिसतें. यराबामानें लोकांस नवा देव दिला नाहीं. मिसरांतून काढून आणणारा जो देव, त्याच्याच नांवानें त्यानें वासरें उभीं केलीं. यरुशलेमच्या मंदिरांत जसे करूब होते तसें वासरूं हें अदृश्य देवाचें आसन असावें, असें अनेक पंडित मानतात. चूक जितकी खऱ्याच्या जवळ, तितकी ती ओळखण्यास कठीण. त्यानें लेवीवंशाबाहेरचे याजक नेमले आणि सातव्या महिन्याचा सण आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं नेला. स्थान, याजक व पंचांग हीं तिन्ही बदललीं कीं एका पिढींत मुलांना आजोबांची यात्रा परकी वाटूं लागते.

आम्ही तरुणपणीं एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. तेथें सणाच्या मिरवणुकींत छत्र कोणीं धरावें यावरून दोन आळींत कधींकाळीं वाद झाला होता; तेव्हांपासून एका आळीनें आपला निराळा क्रूस उभारून निराळी नोव्हेना सुरू केली होती. आम्हीं भांडणाचें कारण विचारलें तर तें सांगूं शकणारा एकही मनुष्य आम्हांस भेटला नाहीं. नोव्हेना मात्र दोन्हीकडे मोठ्या निष्ठेनें चालत असे. यराबामाविषयीं वाचतांना आम्हांस त्या दोन आळी आठवल्यावांचून राहत नाहीं.

पुढील दोनशें वर्षांत उत्तरेस १९ राजे झाले आणि नऊ घराणीं बदललीं, त्यांतलीं बरींचशीं खून करून. अम्री राजानें शेमेराकडून दोन किक्कार रुप्याला एक टेंकडी विकत घेऊन तेथें शोमरोन नगर वसविलें. त्याचा पुत्र अहाब यानें सीदोनची राजकन्या ईजबेल आणली व तिच्यामागून बआल आला. एकदां वेदी राजाच्या सोयीची झाली, कीं राजा तेथें उद्यां दुसरें दैवत आणूं शकतो. आमोस हा तकोवा येथील मेंढपाळ दक्षिणेंतून बेथेलास जाऊन उपदेश करूं लागला, तेव्हां तेथील याजक अमस्या यानें त्याला देवाचा किंवा नियमशास्त्राचा आधार दाखविला नाहीं. हें राजाचें पवित्रस्थान आहे, येथून चालता हो, एवढेंच तो म्हणाला.

तरी परमेश्वरानें उत्तरेला सोडलें नव्हतें. एलीया तेथलाच. कर्मेल डोंगरावर मोडकी वेदी उभारतांना त्यानें दहा नव्हे तर बारा धोंडे घेतले; राज्य फुटून साठ-सत्तर वर्षें झालीं होतीं, तरी त्याच्या हिशेबीं इस्राएल अजून बारा वंशांचें होतें. या संदेष्ट्याचें नांव आपल्या कोंकणांतही जुनें आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे कुलाब्याकडील बेने इस्राएल लोक एलीयाच्या नांवानें मलिद्याचा विधि करीत आले आहेत; आपले पूर्वज उत्तरेच्या हरवलेल्या वंशांपैकीं, असें त्यांच्यांतील कांहींचें म्हणणें असे.

दक्षिणेनें स्वतःला निर्दोष समजण्याचें कारण नव्हतें. देवालय होतें, दावीदाचें घराणें होतें, आणि रहबामाच्या काळापासून प्रत्येक उंच टेंकडीवर मूर्तिस्तंभही होते.

इ. स. पूर्वीं ७३४च्या सुमारास उत्तरेनें अरामाशीं हातमिळवणी करून यहूदावर स्वारी केली. त्या युद्धांतील एक प्रसंग इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथांत, २८व्या अध्यायांत आहे, आणि तो फार थोडे लोक वाचतात. यहूदांतील बंदिवान शोमरोनास आणले जात असतां ओदेद नांवाचा संदेष्टा सैन्याला आडवा गेला व म्हणाला कीं, हे तुमचे भाऊ आहेत, यांना परत पाठवा. एफ्राईमच्या पुढाऱ्यांनीं त्याचें ऐकलें. उघड्यांना लुटींतलीं वस्त्रें घातलीं, पायांत जोडे दिले, खाऊंपिऊं घातलें, तेल लाविलें, अशक्तांना गाढवांवर बसविलें आणि यरीहोपर्यंत पोंचवून ते परत फिरले. जखमेला तेल, अशक्ताला जनावर, आणि यरीहोची वाट! प्रभूनें आपला दाखला सांगितला तेव्हां ऐकणाऱ्या शास्त्र्याला हा अध्याय आठवला असेलच, अशी आमची समजूत आहे.

बारा वर्षांनीं शोमरोन पडलें. इ. स. पूर्वीं ७२२-७२१मध्यें अश्शूरच्या सैन्यानें तें घेतलें. सर्गोन राजानें आपल्या शिलालेखांत २७,२९० माणसें नेल्याची फुशारकी मारली आहे. सगळी प्रजा गेली नाहीं. पुष्कळ तेथेंच राहिले, कित्येक दक्षिणेस पळाले. यरुशलेमची वस्ती त्याच शतकाच्या अखेरीस पश्चिमेच्या टेंकडीवर पसरली, हें गेल्या शतकांतील उत्खननांवरून दिसून आलें. होशेयासारख्या उत्तरेच्या संदेष्ट्याचीं वचनें आपल्या हातीं आलीं तीं बहुधा या पळून आलेल्यांच्या गांठोड्यांतून. रिकाम्या गांवांत अश्शूरानें बाबेल, कूथा, हमाथ इत्यादि ठिकाणचे लोक बसविले. ते आपापलीं दैवतें घेऊन आले व परमेश्वराचेंही भय धरूं लागले. यावरूनच पुढें यहुदी लोक शोमरोन्यांस ‘कूथी’ म्हणून हिणवूं लागले.

जोडण्याचे यत्न झाले. हिज्कीया राजानें उत्तरेंतील उरलेल्यांस वल्हांडणास बोलाविलें. बहुतेकांनीं त्याचे जासूद हसण्यावारीं नेले, थोडे नम्र होऊन आले. योशीयानें बेथेलची वेदी फोडली. परंतु बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्यांनीं देवालय पुन्हा बांधावयास घेतलें आणि शेजारी म्हणाले, आम्हीही तुमच्याच देवाला शोधतों, आम्हांस बरोबर घ्या, तेव्हां जरुब्बाबेलानें साफ नकार दिला. धर्म शुद्ध राखावा ही त्याची चिंता खोटी नव्हती. त्या नकाराची किंमतही मोठी पडली. पुढें नहेम्यानें एका प्रमुख याजकाच्या नातवाला सनबल्लटाचा जांवई म्हणून हांकलून लाविलें. शोमरोन्यांनीं गरिज्जीम डोंगरावर आपलें स्वतःचें मंदिर बांधलें. तेथील उत्खननावरून तें इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाचें ठरतें. इ. स. पूर्वीं ११०च्या सुमारास यहुद्यांचा प्रमुख याजक योहान हिर्कान यानें तें जमीनदोस्त केलें. भांड्याला न शिवण्याचें उत्तर येथें आहे. यराबामानें वेदी बांधून जें सुरू केलें, तें एका प्रमुख याजकानें वेदी पाडून पुरें केलें.

शोमरोनी लोक अजून आहेत, हजारांहूनही कमी. नाब्लुसजवळ गरिज्जीमवर आणि तेल-अवीवजवळ होलोन येथें. मोशेचे पांच ग्रंथ एवढेंच त्यांचें शास्त्र, आणि वल्हांडणाचीं कोंकरें ते अजून त्याच डोंगरावर मारतात. त्यांच्या शास्त्राची प्रत युरोपांत नेणारा इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानें ती १६१६ साली दमास्कसांत विकत घेतली; सात वर्षांनीं तोच गृहस्थ आपल्या गोव्यांत येऊन राहिला होता.

ज्या विहिरीपाशीं दमलेला प्रभु बसला ती याकोबाची विहीर गरिज्जीमच्या पायथ्याशीं आहे, आणि जुनें शखेम तेथून हांकेच्या अंतरावर. रहबामानें जेथें लोकांचें मन तोडलें, त्याच शिवारांत प्रभूनें एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितलें, तेंही तिच्याच भांड्यांतून. तिनें लगेच जुना वाद काढला: हा डोंगर कीं यरुशलेम? प्रभूनें तारण यहुद्यांपासून आहे हें लपविलें नाहीं. आणि या डोंगरावर नव्हे व यरुशलेमांतही नव्हे, तर आत्म्यानें व सत्यानें पित्याची उपासना होईल अशी वेळ आली आहे, हेंही तिला सांगितलें.

शिष्यांना हें पचण्यास वेळ लागला. एका शोमरोनी गांवानें प्रभूला उतरूं दिलें नाहीं, तेव्हां याकोब व योहान आकाशांतून अग्नि पाडण्याची परवानगी मागत होते. प्रभूनें त्यांना धमकाविलें. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत फिलिप्पाच्या उपदेशानें शोमरोनांत बाप्तिस्मे होऊं लागले आणि यरुशलेमच्या ख्रिस्तसभेनें तेथें दोघांना पाठविलें. एक पेत्र, दुसरा तोच योहान. त्या दोघांनीं शोमरोन्यांच्या मस्तकांवर हात ठेविले व त्यांना पवित्र आत्मा मिळाला. मग ते वाटेंतील पुष्कळ शोमरोनी गांवांत सुवार्ता सांगत सांगत यरुशलेमास परतले.