भिंगाच्या दुर्बिणीची पारख : प्रमाणपत्र आणि तारा

सुरत येथून ३ नोव्हेंबर १६५१ रोजी जेरेमाया शेकर्ली या इंग्रज खगोलाभ्यासकाने सूर्यबिंबावरून सरकणारा बुध दुर्बिणीतून पाहिला. त्या वेळी इंग्लंडमध्ये रात्र असणार, हे त्याने गणिताने आधीच ताडले होते. (गोव्याच्या वाचकाला येथे जेझुइट पाद्री किर्विट्झर आठवतील, १६१८ च्या धूमकेतूंची त्यांनी गोव्यातून केलेली निरीक्षणे १६२० मध्येच युरोपात छापली गेली होती.) नोव्हेंबरमधील अशा अधिक्रमणात बुधाचे बिंब जेमतेम दहा विकला रुंद, म्हणजे सूर्यबिंबाच्या सुमारे एकशेनव्वदाव्या हिश्श्याइतके दिसते. एवढा ठिपका रेखीव दिसणे वा न दिसणे सर्वस्वी भिंगावर अवलंबून असते.

त्या काळचे वस्तुभिंग एकाच काचेचे असे. काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वाकवते, म्हणून दोन्ही रंग एका बिंदूत मिळत नाहीत. हे वर्णविपथन सौम्य करण्यासाठी नळी लांबवणे एवढाच उपाय होता. जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये दोन प्रकारच्या काचांच्या जोडभिंगाचे पेटंट घेतले. आजच्या महागड्या अपोक्रोमॅटिक दुर्बिणीत फ्लुओराइट किंवा अत्यल्प अपस्करणाची काच वापरून तीन रंग जवळजवळ एकत्र आणले जातात. सुरतेच्या हिरेबाजारात न्याय उलटा आहे. प्रकाशाचे रंग विखुरणे हा तेथे हिऱ्याचा गुण ठरतो, दुर्बिणीत तोच दोष.

अशा दुर्बिणीसोबत अनेकदा प्रमाणपत्र येते आणि त्यावर ‘स्ट्रेल गुणोत्तर’ छापलेले असते. निर्दोष भिंगाचा आकडा १, ०.८० ही समाधानकारक भिंगाची रूढ सीमा, तर उंची दुर्बिणीकडून ०.९५ ची अपेक्षा ठेवली जाते. मात्र हा आकडा बहुधा एकाच रंगाचा असतो. हिरव्या प्रकाशात (५३२ नॅनोमीटर) ०.९० भरणारे भिंग तांबड्या लेसरने (६३३ नॅनोमीटर) मोजल्यास, काचेचा आकार तोच असूनही, सुमारे ०.९३ दाखवते, कारण तरंगलांबी वाढली की तीच चूक तुलनेने लहान ठरते. निळ्यात तर आकडा आणखी घसरतो. कोणत्या तरंगलांबीत मोजले, हे ज्या कागदावर नाही त्याला फारशी किंमत देऊ नये.

यापेक्षा विश्वासार्ह परीक्षा ताऱ्याची. दुर्बीण बाहेर तासभर ठेवून थंड होऊ द्यावी, शक्यतो काटकोनी आरसा काढून टाकावा आणि मध्यम तेजाचा तारा मोठ्या विवर्धनात धरावा. हिरवी गाळणी लावून नेत्रिका किंचित आत, मग तितकीच बाहेर सरकवावी, म्हणजे पाच-सहा समकेंद्री कडी दिसतात. दोन्ही बाजूंची चित्रे सारखी दिसली तर भिंग उत्तम. एका बाजूला कडी रेखीव आणि दुसरीकडे पुसट असतील, तर ते गोलीय विपथन. कडी लंबगोल होऊन आत-बाहेर करताना नव्वद अंशांनी फिरत असतील तर अबिंदुकता. पण आधी डोके तिरपे करून पाहावे, लंबगोलही सोबत फिरला तर दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. एका बाजूला सरकलेली कडी म्हणजे केवळ जुळणी बिघडलेली. ती दुरुस्त होते. त्रिकोणी झाक दिसल्यास चौकटीने काच आवळली आहे असे समजावे. थंड रात्री धातू आकसल्यानेही हे घडते.

रंगाची परीक्षा गाळणी काढून, अभिजितसारख्या तेजस्वी ताऱ्यावर करावी. भोवती जांभळी प्रभा उरली, तर ‘अपो’ हे बिरुद जाहिरातीपुरतेच.

पाठ्यपुस्तके परीक्षेसाठी ध्रुवतारा सुचवतात, कारण तो जागचा हलत नाही. युरोपात हे ठीक. सुरतेत तो क्षितिजापासून केवळ एकवीस अंशांवर, तर गोव्यात साडेपंधरा अंशांवर असतो. तेथील दाट हवा स्वतःच प्रकाश विखुरते आणि ताऱ्याला एकीकडे तांबडी, दुसरीकडे निळी किनार आणते. केवळ तेवढ्यावरून निर्दोष भिंग परत पाठवले जाऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे माथ्याजवळचाच तारा निवडावा, आणि हवा स्थिर नसेल तर त्या रात्रीचा निकाल धरू नये. पावसाळ्यात तर खरेदीनंतरची परीक्षा पुढे ढकललेलीच बरी. मात्र तोवर पेटीत सिलिका जेल ठेवावे, कारण किनाऱ्यावरील दमट हवेत लेपावर बुरशी धरली की भिंग कितीही महागडे असो, तिचा डाग कायमचा राहू शकतो.