टोपीकरांची बखर

माणसाने आयुष्यात एकदा तरी कुणाला जामीन राहावे. त्याशिवाय व्याज, दैव आणि नातेवाईक या तीन गोष्टींचे खरे स्वरूप कळत नाही. मी २००३ साली माझ्या भाच्याला जामीन राहिलो. कर्ज नव्वद हजारांचे. तारण म्हणून माझे निवृत्तिवेतन आणि भाच्याचा उत्साह. त्यातले निवृत्तिवेतन तेवढे खरे होते.

आमचे वरवंड तुम्ही पाहिले असेल. म्हणजे गाडीच्या काचेतून पाहिले असेल. पुण्याहून सोलापूरला जाताना चौफुला मागे पडतो आणि पाटस अजून यायचे असते, त्या मधल्या डुलकीत जे गाव निघून जाते ते आमचे. आषाढात तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते, आणि गावच्या तळ्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव आहे. या दोन गोष्टी सोडल्या तर इतिहासाने आमच्यावर फारसा वेळ घालवलेला नाही.

अशा गावात भाच्याने खताच्या दुकानाच्या माडीवर संगणक केंद्र काढले. चार संगणक. तीन बरे, आणि चौथा कुठल्याशा कचेरीने निकालात काढलेला. सकाळी एमएससीआयटीची बॅच असे. बॅच म्हणजे नऊ माणसे. नवांच्या फीमध्ये हप्ता बसत नाही, हे गणित भाच्याला तिसऱ्या महिन्यात कळले आणि मला पहिल्याच. चौथ्या महिन्यापासून त्याने संध्याकाळी पोरांना दहा रुपये तासाने खेळायला बसवायला सुरुवात केली. मी रोज दिवेलागणीला तिथे खुर्ची टाकून बसू लागलो. लोकांना वाटे, मामांना संगणकाची गोडी लागली. मी माझ्या पेन्शनवर नजर ठेवायला जात होतो.

तिथे मला पहिला टोपीकर भेटला.

पेशवाईतल्या बखरींत इंग्रजाला टोपीकर म्हणतात. हा टोपीकर बोटभर उंचीचा होता. चौथ्या, निकाली संगणकावर तो टुणटुण उड्या मारीत पळे, चषक उचले आणि दारातून पुढच्या खोलीत जाई. चषक घेतल्याशिवाय दार उघडत नसे. अशा दहा पातळ्या. "हा कोण?" मी विचारले. "डेव्ह्या," एक पोरगा मान न वळवता म्हणाला. "करतो काय?" "मरतो." उत्तर शास्त्रशुद्ध होते. संध्याकाळभरात डेव्ह्या शंभर वेळा तरी मेला असेल.

मला वाटले, हा कुणी अमेरिकेतला मोठा सरदार असेल. पुढे भाच्याने माहिती काढून दिली ती अशी. 'डेंजरस डेव्ह' हा जॉन रोमेरो नावाच्या तरुणाने १९८८ साली ॲपल टू या यंत्रासाठी, एका चकतीवरच्या मासिकाकरिता लिहिला. १९९० मध्ये तो आपल्या साध्या पीसीवर आला. तोंडवळा सगळा जपानच्या मारिओचा. मारिओची टोपीसुद्धा हौसेची नव्हे. १९८१ साली शिगेरू मियामोटो यांना एवढ्याशा चित्रात केस काढता येईनात, म्हणून त्यांनी टोपी घातली. तोंड दिसेना म्हणून मिशी लावली. आमच्याकडे नाभिकाचे पैसे वाचवायला टोपी घालणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही जगप्रसिद्ध झाला नाही.

डेव्ह्याची खरी करामत त्याच्या खेळात नाहीच. सप्टेंबर १९९० मध्ये रोमेरोचे दोन सहकारी, जॉन कारमॅक आणि टॉम हॉल, एका रात्रीत एक उद्योग करून बसले. पीसीच्या पडद्यावर चित्र अखंड सरकवायची युक्ती कारमॅकला सापडली होती. ती दाखवायला त्यांनी मारिओच्या तिसऱ्या खेळाचा पहिला टप्पा जसाच्या तसा उभा केला आणि मारिओच्या जागी डेव्ह ठेवला. नाव दिले 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट', म्हणजे चोरी करून वर पाटी लावली. निन्टेन्डोला पीसीवर यायचेच नव्हते, त्यांनी नकार दिला. तेव्हा या मंडळींनी १९९१ साली इड सॉफ्टवेअर ही कंपनी काढली, आणि १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' आणला. त्यात चार संगणक वायरीने जोडून चौघांना एकमेकांवर तुटून पडता येई. शेजाऱ्याला शेजारीच बसून मारण्याची ही प्रथा तिथून फोफावली. आमच्या गावात बांधावरून ही प्रथा पूर्वीपासून आहे, फक्त वायर नव्हती.

दुसरा वीर पर्शियाचा राजपुत्र. हा टोपीकर नव्हे. पांढरा सदरा, पांढरी विजार. वारकरीच म्हणा, पण तलवारवाला. अमेरिकेच्या जॉर्डन मेक्नरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोटारतळावर पळायला, उड्या मारायला लावले, त्याची फिल्म घेतली आणि एकेक चित्र त्यावरून काढले. १९८५ ला सुरू केलेले काम १९८९ ला पुरे झाले. म्हणून तो राजपुत्र कठड्याला लोंबकळला की आपल्या बोटांना रग लागते. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. साठ मिनिटे म्हणजे आमच्या दराने दहा रुपये बरोबर. मेक्नरने जणू भाच्याशी बोलूनच वेळ ठरवली होती.

पण एक घोटाळा होता. पहिली पातळी ओलांडली की एका दालनात बाटल्याच बाटल्या. खाली इंग्रजीत हुकूम: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या तमक्या शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीपाशी असेल ती पी. नक्कल करणाऱ्यांना रोखायची ही सोय. आमची चकती नकलेच्या नकलेची नक्कल. पुस्तिका कुठली असायला! चुकीची बाटली प्याली की राजपुत्र आडवा.

तेव्हा एका पोराने घरून दोनशेपानी वही आणली. राजपुत्र कुठल्या बाटलीने मेला आणि कुठलीने तरला, हे तो पान-ओळ-शब्द-अक्षर अशा चार रकान्यांत लिहू लागला. दुसऱ्या दिवशी दुसरा लिही. महिन्याभरात आख्खे दालन फुटले. सातवीत इंग्रजीत नापास झालेल्या पोरांनी, न पाहिलेल्या इंग्रजी पुस्तकाची अक्षरसूची तयार केली! मी तीस वर्षे पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोंदी केल्या, पण इतकी चोख वही माझ्या हातून झाली नाही.

पुढे त्या वहीत सगळेच येऊ लागले. 'प्रिन्स मेगाहिट' असे लिहून खेळ सुरू केला की काय काय सवलती मिळतात, इथपासून. कुणी कुणाला शिकवले नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. पाटसचा पोरगा चुलत्याकडे आला, त्याने दोन पाने उतरवून नेली आणि बदल्यात एक युक्ती लिहून दिली, खाली गावाच्या नावासकट. इंटरनेटवर जगभरची पोरे १९९५ पासून हेच करीत होती म्हणे. आमच्या केंद्रात तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनची कर्कश किंकाळी आणि मग दहा मिनिटे शांतता.

डेव्हिड जोन्स बऱ्या संगणकांपैकी एकावर राही. नॉर्वेत, ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओने केलेला 'प्रोजेक्ट आयजीआय' २००० च्या डिसेंबरात आला. त्यातला हा एकांडा शिलेदार. चौदा मोहिमा, आणि मोहीम अर्धी झाली असता खेळ जतन करून ठेवायची सोय नाही. शेवटच्या फाटकाशी मेलात तर पुन्हा पहिल्या कुंपणापासून. तारेखालून तो सरपटू लागला की माडीवर कीर्तनासारखी शांतता पसरे. नॉर्वेच्या मंडळींनी शत्रू, कॅमेरे, भोंगे, सगळ्याचा विचार केला होता. भारनियमनाचा केला नव्हता. जोन्स गोळीने मेला नसेल तितक्यांदा वीज जाऊन मेला. अंधारात पहिला आवाज यायचा तो, "मामा, ह्या तासाचं पैसं द्यायचं न्हाईत हां!" आणि जामीनदाराच्या पोटात खड्डा पडायचा.

मग आणखी दोन यंत्रे आली आणि 'काउंटर-स्ट्राइक' आला. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळावर केलेले हे कलम. त्याला नायकच नाही. जो खेळेल तो नायक, आणि त्याचे नाव त्याने स्वतः ठेवायचे! गावात माणसाचे टोपणनाव दुसरे ठेवतात, आणि ते सहसा त्याला सांगण्यासारखे नसते. इथे स्वतःचे बारसे स्वतः करायची मुभा मिळाल्यावर एका रात्रीत माडीवर दोन फौजी, एक पैलवान आणि एक 'डीएसपी साहेब' निघाले. गावठाण विरुद्ध मळा अशी फळी पडली. पाच यंत्रे असल्याने तीन विरुद्ध दोन. तरबेज पोरे दोनच्या बाजूला.

जगभर या खेळाची एक बोली झाली आहे. कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्याला 'कॅम्पर' म्हणतात. आमच्यात तो बिबट्या, कारण शिरूरच्या उसातून बातम्या यायच्या. 'एज ऑफ एम्पायर्स'मधला पुरोहित 'वोलोलो' असे पुटपुटून शत्रूचा माणूस आपल्या रंगाचा करतो, त्यावर जग हसते. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा एक सदस्य रातोरात दुसऱ्या पॅनेलमध्ये गेला तेव्हा पोरे पारावर म्हणाली, "वोलोलो झाला." म्हाताऱ्यांना तो शब्द इतका पटला की अजून चालू आहे. सामना संपला की जिंकणारा आणि हरणारा, दोघांनीही 'जीजी', म्हणजे चांगला खेळ झाला, म्हणायचा रिवाज आहे. आमची पोरे म्हणत, "रामराम." कितीही शिवीगाळ झालेली असो, रामराम म्हटल्याशिवाय जिना उतरायचा नाही.

२००५ साली अमेरिकेत लिरॉय जेन्किन्स गाजला. सोबती मोहिमेची आखणी करीत बसलेले असताना हा आपलेच नाव ओरडत आत घुसला आणि सगळ्यांना घेऊन मेला. पुढे कळले, तो प्रसंग आधी ठरवून बसवलेला होता. बखरींचे असेच असते. आमच्याकडे असे ठरवावे लागत नसे. मळ्याच्या फळीत एक होताच, आणि त्याच्या त्या घुसण्याला 'पानिपत' म्हणत.

आता वहीचे काय झाले ते सांगतो. हे सांगायला मला बरीच वर्षे लागली.

'व्हाइस सिटी' नावाचा खेळ आला. त्यातला टॉमी व्हर्सेटी भर रस्त्यात गाड्या थांबवतो, चालकाला खेचून काढतो आणि गाडी पळवतो. एका पोराचे वडील वडापची जीप चालवायचे. ते मुलाला शोधत माडीवर आले ते नेमके त्याने टॅक्सीवाल्याची गचांडी धरली असताना. "चालकाला मारतूस? तुझ्या बापाच्या धंद्याला?" पुढचे संवाद छापण्यासारखे नाहीत. दुसऱ्या दिवशी सात-आठ पालक माझ्या दारात. भाच्याच्या नव्हे, माझ्या; जामीनदार मी. दहावी तोंडावर आलेली. मी सगळ्यांसमक्ष तोऱ्यात केंद्रात गेलो आणि वही जप्त केली. "परीक्षा झाली की घेऊन जा," म्हणालो. पोरे काही बोलली नाहीत. एकाने फक्त वहीला घातलेले वर्तमानपत्राचे कव्हर नीट केले आणि मग हातात दिली.

परीक्षा झाली, पावसाळा आला, घर रंगवायला काढले. माळ्यावरची रद्दी मी स्वतः तोलून दिली. वही त्यात होती. चार रुपये किलो.

पोरे मागायला आली तेव्हा "बघतो" म्हणालो. पुन्हा आली, "सापडली की देतो" म्हणालो. मग ती यायची थांबली. भाच्याचा हप्ता मात्र थांबला नाही; शेवटचा हप्ता त्याने २००८ साली भरला, त्या दिवशी पेढे वाटले आणि वर्षभराने केंद्र बंद केले.

२०२० च्या टाळेबंदीत भाचा आणि आमची नात, दोघे वरवंडात अडकले. रात्री दहाला भाचा कानाला यंत्र लावून बसे. जुनी मंडळी जमत: एक कुरकुंभच्या कारखान्यातून, एक हडपसरहून, एक दुबईहून. दिवसा घराबाहेर पडायला बंदी, पण रात्री सगळे त्याच जुन्या धुळकट गल्लीत एकमेकांना गोळ्या घालीत आणि मध्येच विचारीत, "आईचा ताप उतरला का रं?"

त्या ऑक्टोबरात 'राजी' पीसीवर आला. तो पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी केलेला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. हे ऐकून माझ्यातला जामीनदार दचकला. राजी ही राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी. दुर्गा आणि विष्णू वरून तिची कथा सांगतात, तेव्हा इंग्रजीत सांगत, ते असो. डोक्यावर टोपी नाही. नातीला ती फार आवडली. पण एका कोड्याशी ती अडली आणि मामा-मामा करीत भाच्याकडे आली. तो हेडफोन सरकवून म्हणाला, "वहीत लिहून ठेवायला पाहिजे," आणि हसता हसता माझ्याकडे वळला, "मामा, ती आपली वही कुठाय हो?"

यंत्र सुरूच होते. पलीकडे कुरकुंभ, हडपसर, दुबई, सगळे ऐकत होते. मी सांगितले. रद्दी, पावसाळा, चार रुपये किलो, सगळे सांगितले. चौदा वर्षांपूर्वी सांगायचे होते ते.

बराच वेळ आवाज नाही. मला वाटले, वीज गेली. मग दुबईहून एकजण हळूच म्हणाला,

"रामराम, मामा."

मागून हडपसर म्हणाले, आणि मग कुरकुंभ.