कारंजाचा बाजार आणि फेरीफेरीने होणारी रचना

संगणकाचे सॉफ्टवेअर रचणाऱ्या मंडळींत सध्या एक पद्धत मान्यता पावली आहे. सगळा आराखडा आधी कागदावर पुरा करून दोन वर्षांनी काम हवाली करावयाचे, हे तिला मंजूर नाही. लहानसा भाग तयार करावा, दोन-तीन आठवड्यांत तो वापरणाऱ्यापुढे ठेवावा, त्याचे गाऱ्हाणे ऐकावे आणि पुन्हा कामास लागावे, असा तिचा क्रम आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात १७ जाणकारांनी या विचाराचा जाहीरनामा काढला आणि 'अजाईल' हे नाव रूढ झाले. पद्धत मात्र त्याहून जुनी. मर्क्युरी या अमेरिकन अंतराळयोजनेत १९६० च्या सुमारास अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांनी काम चाले. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एकामागून एक पायऱ्यांचा आराखडा मांडला, तेव्हा तो तसाच राबविणे धोक्याचे आहे असेही बजावले होते. लोकांनी आराखडा उचलला आणि इशारा सोडून दिला.

वऱ्हाडच्या श्रोत्यांस हे नवे वाटू नये, असे आम्ही म्हणतो. असाच एक प्रयोग आपल्या कापसाच्या बाजारात होऊन गेला आहे.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपुरास पोहोचली. गिरण्यांना निर्भेळ कापूस बेताच्या भावात हवा होता. १८८६ साली कारंजास देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. हे गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वी ते अकोल्यात होते. अकरा वर्षांनी, १८९७ साली, वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. म्हणजे आधी एका गावी अनुभव, मग प्रांतास नियम. रचनेचा क्रम योग्य होता.

मग उणे कोठे पडले? बाजारसमितीवर वजन व्यापाऱ्यांचे होते. पहाटे गाडी जुंपून आलेल्या, दलाली-तोलाई-हमालीची कापणी सोसणाऱ्या शेतकऱ्यास तेथे पुरेशी जागा नव्हती. ज्यास दोष बोचतो तोच बाहेर राहिला, तर दोष दिसावा कोणास? उत्पादकाचा विचार करणारा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा यावयास १९२७ साल उजाडले. पुढच्याच वर्षी शेतकी रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या पद्धतीतील उणिवा दाखवून सुधारलेले बाजार देशभर काढण्याची शिफारस केली. समितीत शेतकऱ्यांचे बहुमत ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. पहिल्या बाजारापासून ७७ वर्षे! या अवधीत शेतकऱ्यांच्या किती पिढ्या कापणी सोसून गेल्या, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, नुसत्या फेऱ्या वाढवून रचना सुधारत नाही. फेरीच्या शेवटी कोणाचे ऐकले, यावर सारे अवलंबून असते. एप्रिल २०१६ पासून 'ई-नाम' या नावाने शेतमालाचा लिलाव संगणकावरही होऊ लागला आहे. म्हणजे सॉफ्टवेअर आणि बाजार ही दोन्ही कामे आता एकच झाली. अमरावती-अकोल्याचे जे तरुण अशी साधने घडवितात, त्यांनी पहिला कच्चा नमुना घेऊन बाजाराच्या आवारात जावे, काट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तो द्यावा, आणि तो कोठे अडखळतो ते पाहावे. दुसरी फेरी तेथून सुरू व्हावी.