आधी कुणाचे देणे?

माणूस गेला, मागे थोडी मालमत्ता राहिली आणि देणी त्याहून जास्त. मग आधी कुणाचे पैसे द्यायचे? प्रश्न हिशेबाचा वाटतो, पण उत्तरात त्या त्या काळची नीती दिसते. आज आपण तेवढेच बघू.

आपल्या धर्मशास्त्रात हा क्रम पिढ्यांचा होता. बृहस्पतीच्या मते आधी आजोबांचे कर्ज, मग बापाचे, शेवटी स्वतःचे. बापाचे कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचे, आजोबांचे नातवाने फक्त मुद्दल. पण शास्त्रकार डोळे मिटून बसले नव्हते, बरं का! दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यांपायी झालेले कर्ज मुलाने देऊ नये, असे याज्ञवल्क्य सांगतो. शिवाय मृताची संपत्ती जो घेईल त्याने आधी द्यावे, नंतर त्याची बायको जो करील त्याने, आणि मग मुलाने.

१८६६ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. केवळ मुलगा किंवा नातू आहे म्हणून कुणी देणेकरी नाही. वारशाने हाती आले तेवढ्यापुरतीच जबाबदारी. विधवेशी लग्न करणाऱ्याच्या डोक्यावरचे तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्जही उतरले. विधवाविवाहाचा कायदा त्याआधी दहाच वर्षांचा, हे आपण विसरू नये.

पण घडायचे काय? बाप गेला की सावकार मुलाच्या नावाने नवे खत करून घ्यायचा. अंगठा उठला की बापाचे कर्ज मुलाचे स्वतःचे झाले! मग कायदा काय वाचवणार? १८७५ मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, त्यामागे कारणे अनेक होती. हे पिढीजात कर्ज त्यांतले एक.

आता १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा घ्या. मृत्युपत्राच्या एक्झिक्युटरने आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च द्यायचा. मग प्रोबेटचा, म्हणजे कोर्टाचा खर्च. त्यानंतर घरगडी, मजूर, कारागीर यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी. बाकीचे बिगरतारणी सावकार त्यानंतर, आणि पैसे अपुरे असतील तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात. एक्झिक्युटरचे स्वतःचे येणे असले तरी तोही त्याच रांगेत. वारसांना मृत्युपत्राने दिलेले काही मिळायचे ते सगळ्यांत शेवटी. बघा, मोठ्या सावकाराच्या पुढे भांडी घासणारी बाई उभी आहे. ज्याला थांबणे परवडत नाही, त्याला आधी, हे तत्त्व आम्हाला फार मोलाचे वाटते.

९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी तर केवळ पुत्रधर्म म्हणून हिंदू मुलावर दावाच लावता येत नाही.

तरीही तेराव्याच्या गर्दीत कुणी कागद पुढे करतो आणि मुलगा लाजेकाजेस्तव सही करतो. सहीआधी एवढेच विचारावे: हे देणे बाबांच्या मालमत्तेचे, की माझे? पितृऋण म्हणून फेडायचे असेल तर जरूर फेडावे. पण ते आपल्या मनाने, सावकाराच्या सांगण्यावरून नव्हे.