पॅरीज कॉर्नरचा लाल दिवा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये पॅरीज कॉर्नरला गाड्या ताटकळल्या की खापर सिग्नलच्या वेळेवर फुटते. माझ्या मते ही रखडपट्टी सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तोफांपासून सुरू होते. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतले आणि किल्ल्याला चिकटलेल्या ब्लॅक टाउनचा काही भाग पाडला. शहर परत मिळाल्यावर इंग्रजांनी उरलेली वस्तीही हटवली, कारण शत्रूला घरांचा आडोसा नको होता आणि तोफांना मोकळे मैदान हवे होते. १७७३ मध्ये त्या मैदानाच्या हद्दीवर दगडी खांब उभारले गेले. त्यातला एक आजही याच चौकातल्या डेअर हाउस इमारतीपाशी आहे. लोक उत्तरेला मुत्तियालपेट आणि पेद्दनायकनपेटमध्ये गेले. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला तटबंदी, दक्षिणेला किल्ला. त्यामुळे तंबू चेट्टी, लिंगी चेट्टी अशा उत्तर-दक्षिण गल्ल्या मैदानाच्या कडेच्या एकाच रस्त्याला, आजच्या एनएससी बोस रोडला, येऊन मिळाल्या. पॉपहॅम नावाच्या गृहस्थाने या दोन पेठांमधला नाला बुजवून ब्रॉडवे काढला, तोही इथेच उतरतो. मुंबईतही फोर्टपुढे असेच मैदान होते. पण १८६० च्या दशकात तट पाडून तिथे रुंद रस्ते काढले गेले. मद्रासचा किल्ला शाबूत राहिला, आज त्यात विधानसभा भरते.

कोणी म्हणेल, अडीचशे वर्षांपूर्वीच्या नकाशाला काय दोष देता, गाड्या वाढल्या हे खरे कारण. गाड्या वाढल्या हे खरेच, पण त्या कुठे तुंबायच्या हे नकाशाने ठरवले. घाऊक भाजीबाजार जवळच्या कोतवाल चावडीतून १९९६ मध्ये कोयंबेडूला गेला, २००२ मध्ये इथल्या बाहेरगावच्या बसेसही तिकडे गेल्या. ताण हलका करायला तेव्हा दिव्यांना नव्हे, माल आणि माणसांनाच हलवावे लागले. दुसरा आक्षेप असा की स्मार्ट सिग्नल बसवा. एक बाजू रिकामी असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो, कारण तिची सेकंदे दुसरीला देता येतात. चारही बाजू भरलेल्या असतील तर उसनी घ्यायला सेकंदेच उरत नाहीत. शिवाय दर वेळी दिवा बदलताना काही सेकंद वाया जातात. ती वाचवायला सिग्नलची पूर्ण फेरी लांबवावी लागते आणि लाल दिवाही लांबतो. त्यात अँडरसन स्ट्रीटच्या तोंडाशी कागदाची रिमे उतरवणारा टेम्पो आडवा असेल, तर हिरवा लागूनही मागची हातगाडी जागची हलत नाही. दिव्याची सेकंदे कमी करा अशी मागणी करणाऱ्यांनी आधी गोडाऊन स्ट्रीट आणि अँडरसन स्ट्रीटवर माल उतरवण्याची वेळ रात्रीची करून मागावी.