उजळाईवाडीचा विमानतळ

उजळाईवाडी : कोल्हापूरच्या आग्नेयेस असलेले गाव. येथील विमानतळ कोल्हापूर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज यांनी बांधून घेतला आणि १९३९ मध्ये तो सुरू झाला. मुंबई-पुण्याकडे न पाहता एका संस्थानाने त्या काळी हे धाडस करावे, ही राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीची मोठी साक्ष होय. स्वातंत्र्यानंतर मात्र प्रवासी सेवा वारंवार सुरू होऊन बंद पडत राहिली. आखूड धावपट्टीवर मोठी विमाने उतरू शकत नव्हती, ही मुख्य अडचण. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक हवाई सेवा योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली. पुढे १,३७० मीटरची धावपट्टी १,९३० मीटरपर्यंत वाढवण्यात आली. कमानींची नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. – संपा.