प्रवासी, त्याची बंदूक आणि रात्रीचा मुक्काम

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा रणांगणाकडे पाहतात. तलवारींचीं व तोफांचीं वर्णनें विपुल सांपडतात; परंतु शस्त्र बाळगणारा मनुष्य घर सोडून परगांवीं गेला आणि रात्रीं निजला, म्हणजे तें शस्त्र कोणाच्या ताब्यांत राहत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. घरीं कुलपाचें कपाट असतें, ओळखीचे शेजारी असतात. मुक्कामाच्या जागीं यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून समाजानें शस्त्राची जबाबदारी कोणाच्या माथीं ठेविली आहे, हें तेथेंच स्पष्ट दिसतें. इंग्लंडच्या कायद्यांत या जबाबदारीचीं स्थित्यंतरें चांगलीं उमटलीं असल्यामुळें मुख्यतः त्याच देशाचा मागोवा येथें घेतला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडांत रस्ते चोरट्यांनीं ग्रासलेले होते. वाटसरूजवळ हत्यार असणें स्वाभाविकच होतें. पण तेंच हत्यार गांवांत शिरलें कीं दंग्यास कारण होई. १३२८ सालच्या नॉर्दॅम्प्टनच्या कायद्यानें जत्रेंत व बाजारांत सशस्त्र फिरण्यास मनाई केली. त्याच शतकांत लंडन शहरांत जाहीरनामे काढून सराईवाल्यांस बजावण्यांत येई कीं, मुक्कामास आलेल्यांना आपलीं हत्यारें सराईंतच ठेवण्याची समज द्या. अर्थात् वाटेवर हत्यार वाटसरूच्या हातीं, आणि वेशीच्या आंत तें सराईच्या छपराखालीं, अशी ही व्यवस्था होती.

सराईवाल्याची जबाबदारी पुढें न्यायालयांनींहि पक्की केली. १५८४ सालच्या कॅली खटल्यांत असें ठरलें कीं, पाहुण्याचा माल सराईंतून चोरीस गेल्यास मालकानें तो भरून द्यावा. खोलीची किल्ली पाहुण्याच्याच हातीं दिली होती, ही सबब चालावयाची नाहीं. १८६३ च्या कायद्यानें या भरपाईस सामान्यतः तीस पौंडांची मर्यादा घातली. मात्र वस्तु सांभाळण्यासाठीं मुद्दाम स्वाधीन केली असल्यास ती मर्यादा लागू नव्हती. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हा सारा विचार बंदुकीच्या किंमतीचा होता. चोरलेल्या बंदुकीनें चोर पुढें काय करील, हा प्रश्न या कायद्याच्या कक्षेंतच नव्हता.

लंडनच्या जाहीरनाम्यांशीं जुळणारें एक उदाहरण एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेंत सांपडतें. अॅरिझोनांतील टूमस्टोन गांवानें एप्रिल १८८१ मध्यें नववा ठराव करून गांवांत हत्यार बाळगण्यास बंदी केली. गांवांत येणाऱ्यास वा गांव सोडणाऱ्यास, हत्यार ठेवण्याच्या जागेपर्यंत जाण्यापुरती किंवा तेथून तें परत नेण्यापुरती सवलत होती. त्याच वर्षीं २६ ऑक्टोबर रोजीं कांहीं जणांचीं हत्यारें काढून घेण्यास अंमलदार गेले असतां जी चकमक झाली, तींत तीन माणसें ठार झालीं. हत्यार तासाभरासाठीं खालीं ठेवण्याचा प्रश्नहि किती स्फोटक असूं शकतो, हें त्यावरून दिसून येईल.

याच सुमारास खुद्द बंदुकीच्या घडणींत एक मोठा पालट झाला होता. पॅरिसच्या लफोशोनें १८३० नंतरच्या दशकांत मागून भरावयाची, बिजागरीवर मोडणारी बंदूक प्रचारांत आणली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत ती मांडली गेल्यावर इंग्रज कारागिरांनीं ती उचलली. आजची छऱ्याची दुनळी तिचीच वंशज होय. या दुनळीचे तीन भाग सहज सुटे होतात: नळ्या, दस्ता, आणि नळ्यांखालीं बसणारा लहानसा लाकडी तुकडा. हा तुकडा काढला म्हणजे नळ्या दस्त्याशीं पक्क्या राहत नाहींत व बंदूक भरंवशानें चालवितां येत नाहीं. प्रवासाच्या पेटींत मावावी म्हणून सोयीची ठरलेली ही घडण पुढें सुरक्षिततेच्या कामीं आली.

कायदा मात्र सावकाश चालला. १८७० मध्यें घराबाहेर बंदूक नेण्यास दहा शिलिंगांचा परवाना लागूं लागला. १९२० च्या कायद्यानें रायफल व पिस्तुल यांना पोलिसांचें प्रमाणपत्र आवश्यक केलें, पण छऱ्याची बंदूक वगळली. तिला तें बंधन १९६८ पासून आलें. १९८७ सालीं हंगरफर्ड गांवीं एका माथेफिरूनें सोळा जणांचे प्राण घेतले. त्यानें छऱ्याची बंदूक वापरली नव्हती. तरीहि १९८८ च्या दुरुस्तीनंतर ती सुरक्षित ठेवणें ही प्रमाणपत्राची अटच झाली. घरीं ती कुलपांत असावी, आणि प्रवासांत मालकानें वाजवी खबरदारी घ्यावी, असा तिचा भावार्थ आहे. म्हणून जाणते शिकारी आज गाडींत बंदूक नजरेआड कुलपांत ठेवितात, मुक्कामाच्या जागीं तिजोरीची सोय आहे कीं नाहीं याची आगाऊ चौकशी करितात, काडतुसें वेगळीं ठेवितात, आणि बंदूक सोडून जावेंच लागलें तर तो लाकडी तुकडा स्वतःबरोबर नेतात. सराईवाल्याच्या माथ्यावरील ओझें अशा रीतीनें मालकाच्या खिशांत आलें!

आपल्याकडील इतिहासाचें वळण निराळें आहे. लिटनच्या कारकीर्दींत झालेल्या १८७८ च्या कायद्यानें हिंदी मनुष्यास परवान्यावांचून शस्त्र बाळगतां येईना, आणि युरोपियनांस मात्र सूट होती. तेथें बंदूक कशी सांभाळली जाते हें कोणी पाहत नव्हतें. ती कोणत्या वर्णाच्या हातांत आहे एवढेंच पाहिलें जात होतें. स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा कायदा करून तो अपमान पुसून टाकिला, पण परवान्याचें बंधन ठेविलें.

या दोन बंधनांतील भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. एका संपूर्ण लोकसमूहावर अविश्वास दाखविणें हा अन्याय होय. प्रत्येक शस्त्रधाऱ्याकडून सावधपणाची अपेक्षा करणें हा न्याय होय. पूर्वीं बंदूक वाटसरूचें रक्षण करी. आतां वाटसरूनें बंदुकीचें रक्षण करावयाचें असतें, आणि तें स्वतःसाठीं नव्हे, तर ज्या परक्या गांवीं तो एका रात्रीपुरता निजला आहे, तेथील निर्धास्त झोपलेल्या माणसांसाठीं.